चोरीला गेलेला ळ

१

चोराला निदान अक्कल तरी असावी. घरत साईन्सच्या गाळ्यात तांब्याच्या वायरची बंडलं होती, एलईडीचे खोके होते, काउंटरवर लॅपटॉप होता. ते सगळं जिथल्या तिथं ठेवून मेल्यानं नेलं काय, तर एक अक्षर. ळ.

विनिता घरतनं सकाळी आल्या आल्या नमुन्यांच्या टेबलावरची चादर ओढली. चादरीखाली दोन ळ असायला हवे होते. वसईच्या दीपेशच्या मशीनवर काढलेला, गोल चेपलेला ळ होता. ठाण्याच्या निनाद सबनीसच्या मशीनवर काढलेला देखणा ळ मात्र नव्हता. त्याच्या जागी भंगाराच्या ढिगातला जुना, पोचे आलेला ठ पडला होता.

दुकानांवर रात्री उजळणारी उठावाची अक्षरं बनवणं हा घरतांचा धंदा. ॲल्युमिनियमची पट्टी अक्षराच्या कडेकडेनं वळवायची, आत दिवे बसवायचे, वर ॲक्रिलिकचं तोंड लावायचं. पट्टी वळवायचं काम बळीराम भोईर हातानं करायचा आणि त्याला झेपत नाही तेवढं कोन गावात दिनानाथ कडूच्या शेडमध्ये जायचं. मराठी पाट्यांची मागणी वाढली तशी निम्म्याहून जास्त अक्षरं कोनहून यायला लागली. म्हणून विनितानं ठरवलं, पट्टी वळवणारं मशीन घ्यायचं आणि सगळं आपल्याच गाळ्यात करायचं.

त्यासाठी कामोठ्याचा प्लॉट विकायचा होता. नव्या शहरासाठी सरकारनं वडिलांची जमीन घेतली तेव्हा मोबदल्यात, साडेबारा टक्क्यांत मिळालेला, घरतांकडे उरलेला हा शेवटचा तुकडा. आज दुपारी रजिस्ट्रेशनला जायचं आणि संध्याकाळी मशीन विकणाऱ्या निनादला होकार द्यायचा, असं पक्कं झालं होतं. मशीन चुकीचं निघालं तर प्लॉटही जाणार होता आणि मागोमाग गाळाही.

"कुलूप धड आहे," शटर तपासून आलेला धाकटा भाऊ प्रितम म्हणाला. "चावीवाल्याचंच काम आहे, ताई. एक चावी आपल्याकडे. दुसरी?"

दोघांनी एकदमच मागं बघितलं. बळीराम नेहमीच्या खुंटीला डबा अडकवत होता.

"माज्याकडं कनाला बगताव?" त्यानं विचारलं.

मशीन आल्यावर गाळ्यात कुणाची किंमत कमी होणार होती, हे कुणी कुणाला सांगायला नको होतं. गेला महिनाभर बळीराम गप्प गप्प असायचा, तेही तिला आत्ताच आठवायचं होतं.

"काका, चावी द्या," ती म्हणाली. "आणि आजच्या दिवस घरी जा."

एलईडी जोडणाऱ्या रंभा आणि शांती हातातलं काम टाकून बघत राहिल्या. बळीरामनं खिशातली चावी टेबलावर ठेवली, खुंटीचा डबा काढला आणि तो बाहेर पडला.

तो रस्ता ओलांडतोय तोवर दारात रिक्षा थांबली. आतून एक जाडजूड बाई कष्टानं उतरली आणि पाठमोऱ्या बळीरामकडे बघत राहिली.

"अगं बाई," दमयंती आत्या म्हणाली, "मशीन यायच्या आधीच माणूस हाकललास? मग मला उरणहून कशाला बोलावलंस?"

२

दमयंती गावंड ही विनिताच्या वडिलांची धाकटी बहीण. तिचा उभा जन्म विमा कंपनीत क्लेम तपासण्यात गेला होता. जळालेली गोदामं, बुडालेल्या होड्या, रिकाम्याच चोरीला गेलेल्या तिजोऱ्या, सगळं तिनं बघून झालं होतं. "खोटं बोलणाऱ्यांचा मला राग येत नाही," ती म्हणायची, "खोटं बोलायलाही जे कष्ट घेत नाहीत, त्यांचा येतो."

खरं तर ती आज ळ बघायलाच आली होती. आता ळच नाही म्हटल्यावर तिनं पंख्याखालची खुर्ची धरली आणि शांतीच्या डब्यातली भाकरी मागून घेतली.

"ळच का?" तिनं पहिला घास घेत विचारलं. "क घ्यायचा, ग घ्यायचा."

"ळ सगळ्यात अवघड, आत्या. दोन लहान गोल, एकमेकांना खेटून. सरळ अक्षरं कुठलंही मशीन काढतं. पट्टी गोलात चेपते की नाही, ते ळवर कळतं. म्हणून मशीन विकणाऱ्या दोघांनाही म्हटलं, ळ काढून आणा."

"काढून आणा? तू समोर उभी नव्हतीस?"

"नाही. त्यांनी आणून दिले."

आत्या नुसतं हं म्हणाली. ते हं विनिताला अजिबात आवडलं नाही.

"बरं, काल संध्याकाळचं सांग. काही गाळू नकोस."

विनितानं सांगितलं. रंभा आणि शांती लवकर घरी गेल्या होत्या. दिनानाथ काका टेम्पोतून तयार अक्षरं घेऊन आले होते. निनादही मोटरसायकलवरून कागद घेऊन आला होता. तिनं काकांना दोन्ही ळ दाखवले आणि सगळ्यांसमोर म्हणाली, उद्या आत्या येतेय, तिच्यासमोर निनादच्या ळचं तोंड काढून आतून बघू आणि मगच सही. तेवढ्यात बळीरामनं ग्राइंडर चालू केला. कीस उडून ॲक्रिलिकवर चरे पडू नयेत म्हणून तिनं नमुन्यांवर चादर टाकली.

"तेव्हा ळ होता?"

"मी माझ्या हातानं ठेवला. मग मी तिथंच टेबलाशी हिशेब करत बसले. मग दिवेलागण झाली आणि आरती."

घरतांच्या गाळ्याची ही रीत विनिताच्या वडिलांनी, हसुराम घरतांनी घालून दिलेली. तिन्हीसांजेला सगळे दिवे घालवायचे. त्या दिवशी तयार झालेलं एक अक्षर एकवीरा आईच्या तसबिरीपुढं पहिल्यांदा पेटवायचं आणि त्या उजेडात आरती म्हणायची. गिऱ्हाईक असो की सेल्समन, त्या वेळी जो गाळ्यात असेल त्यानं चपला काढून हात जोडायचे.

"बळीराम काका ओवाळत होते," विनिता म्हणाली. "प्रितमकडे घंटा, माझ्याकडे टाळ. निनाद माझ्या शेजारी उभा राहून असा गळा काढत होता की देवी उठून जायची. दिनानाथ काका बुटांमुळे मागं उभे राहतात, त्यांचे ते लोखंडी टोपीचे बूट काढायला वेळ लागतो. मग दिवे लावले, चहा झाला, एकेक जण गेला. शेवटी मी आणि प्रितमनं शटर ओढलं."

"चादर उचलून बघितलीत?"

"कशाला बघू? दोन उंचवटे दिसत होते की."

आत्यानं भाकरी खाली ठेवली. उठून टेबलापाशी गेली आणि तो पोचे आलेला ठ दोन्ही हातांनी उचलून बराच वेळ न्याहाळत राहिली.

"हा इथं कशाला ठेवला असेल गं?"

"ळच्या जागी."

"ते मला दिसतंय. कशाला, ते विचारतेय."



३

"आधी तू ये," आत्यानं प्रितमला मागच्या खोलीत बोलावलं. विनिता दाराशीच थांबली. भावाची चौकशी होताना तिथून हलायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"त्या निनादकडून काय घेतलंस?"

"काही नाही!" प्रितमचे कान लाल झाले. "म्हणजे… मशीन घेतलं की कंपनी दिल्लीच्या प्रदर्शनाला नेणार आहे. विमानानं. आणि एकदा ढाब्यावर जेवलो. बास."

"ताईला सांगितलंस?"

प्रितमनं मान खाली घातली. विनिताच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणूनच हा ठाण्याच्या मशीनचं एवढं कौतुक करत होता तर. काल शटर ओढताना तो घाईत होता, हेही तिला आठवलं. आठवायला लागलं की सगळंच संशयाचं दिसतं.

"तूच तर नाही ना नेलास?" ती एकदम म्हणाली.

"ताई! मी? आपण एका स्कूटरवर घरी गेलो. ळ काय मी शर्टात घातला?"

हातभर उंचीचा ळ. शर्टात घालण्यासारखा नव्हता खरा. विनिता ओशाळली, पण माघार घ्यायलाही तिला जमेना.

तेवढ्यात निनाद सबनीस आला. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला घाम. बातमी ऐकून त्यानं आधी अरेरे केलं आणि मग एवढा मोठा सुस्कारा सोडला की आत्यानं मान वर करून बघितलं.

"हरकत नाही मॅडम," तो विनिताला म्हणाला, "नमुना काय, आपण पुन्हा देऊ. परवापर्यंत नवीन ळ हजर. तुम्ही आजचं काम अडवू नका. बुकिंग गेलं तर पुढचं मशीन दिवाळीनंतर."

"परवा कशाला?" आत्या गोड आवाजात म्हणाली. "तुमच्या जाहिरातीत लिहिलंय, एक अक्षर पाच मिनिटांत. मशीन कुठाय?"

"तळोज्याला. आमच्या गोदामात."

"मग हे काय, हाकेच्या अंतरावर."

"हो, पण ऑपरेटर गावी गेलाय."

"तुम्हाला चालवता येत नाही? न येणारं मशीन विकता होय?"

निनादनं रुमालानं मान पुसली. येतं की, तो पुटपुटला, पण आज सेटिंग नाहीये, वीज जाते तिकडे. विनिता त्याच्याकडे बघतच राहिली. इतके दिवस घडाघडा बोलणारा हा माणूस आज शब्द चाचपडत होता.

"आत्या," तिनं हळूच कानाशी लागून विचारलं, "हाच ना?"

"घाबरलाय खरा," आत्या म्हणाली. "पण काल तो मोटरसायकलवर गेला, हातभर ळ लपवणार कुठं? चोर दुसरा आहे."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

४

दिनानाथ कडू आत आले ते हात पसरूनच. पांढऱ्या मिशा, पायात तेच जाडे बूट. हसुराम घरतांचे जुने दोस्त. वडील गेले तेव्हा खांदा द्यायला पहिले होते, आणि विनिताला पट्टीवर पक्कड कशी धरायची ते यांनीच शिकवलं होतं. त्यांना बघून विनिताला गलबलून आलं. निदान एक माणूस तरी आपलं आहे, असं तिला वाटलं.

"आयकला गो पोरी," ते म्हणाले. "रंभानं फोनवर सांगतला. बलीरामला पोलिसान देव नको. गरीब मानूस हाय. मशीनच्या धास्तीनं केला आसंल."

"तुम्हाला वाटतं त्यानंच केलं?" आत्यानं विचारलं.

"मी कनाला कुनाचा नाव घेव? पर चावी त्याच्याकडंच आसते ना." ते विनिताकडे वळले. "तू ह्या भानगडीन तुजा काम अडवू नको. मशीन घे. यो निनाद चांगला पोर्‍या हाय, त्याचा मशीनबी चांगला."

"पण तुमचं काम जाईल की, दिनानाथभाऊ," आत्या म्हणाली. "निम्मी अक्षरं तुमच्याकडून येतात. तुम्हीच घे म्हणताय?"

"माजा काय, मी म्हातारा जालू. हसुरामची पोर पुढं जावला पायजे, बास."

विनिताच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याच्या डोळ्यांत मात्र काहीच आलं नाही. ती दारातल्या टेम्पोकडे बघत होती.

"काल रिकामा टेम्पो घेऊन गेलात?"

"रिकामा कनाला? खराब अक्षरा परत नेली. खोका भरून. दुरुस्त करून पाठवतू." ते हसले. "चला, मना शेडवर जावचा हाय."

टेम्पो गेला. प्रितम घड्याळ बघत आत आला. "ताई, प्लॉट घेणारी पार्टी रजिस्ट्रेशनला निघालीय. जायचं ना?"

विनितानं आत्याकडे बघितलं. एका बाजूला ठरलेला सौदा, दुसऱ्या बाजूला आत्याचं ते सकाळचं हं. एवढ्या सगळ्यांत एकटी आत्याच शहाणी कशावरून, असाही विचार तिच्या मनात येऊन गेला. पण प्लॉट एकदा गेला की पुन्हा यायचा नव्हता.

"पार्टीला थांबायला सांग आणि गाळ्याची गाडी काढ," ती म्हणाली. "आपण आधी तळोज्याला जाऊ. निनादराव, तुम्हीही चला. आपली पट्टी घेऊन जाऊ."

"आपली पट्टी?" निनादचा आवाज चिरकला.

५

तळोज्याच्या गोदामात मशीन होतं आणि वीजही होती. ऑपरेटरही होता, गावी न गेलेला. निनादनं त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा गोंधळून सलाम ठोकून मोकळा झाला.

विनितानं रोज वापरतात ती पट्टी पुढं केली. ऑपरेटरनं कॉम्प्युटरवर ळ घातला, पट्टीचं टोक मशीनच्या तोंडात दिलं. मशीन घुमलं. उभी रेघ झोकात निघाली. वरची आडवी रेघही सुरेख निघाली. प्रितम खूश होऊन विनिताकडे बघायला लागला.

मग पहिला गोल आला. पट्टी वळली, आणखी वळली, मध्येच अडली आणि तिच्यावर चुण्या पडल्या. कड तडकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"पुन्हा," आत्या म्हणाली.

पुन्हा तेच झालं. दुसऱ्या वेळी तर गोल चपटा होऊन पार मिटलाच.

"इतका लहान गोल ह्याच्यात बसत नाय साहेब," ऑपरेटर निरागसपणे निनादला म्हणाला. "मी तुम्हाला तेव्हाच बोललो होतो."

निनादनं डोळे मिटून घेतले.

विनितानं तो मिटलेला गोल हातात घेतला. आज दुपारी तिनं सही केली असती. ह्या यंत्रासाठी बाबांची शेवटची जमीन गेली असती आणि मराठी पाटीवरची निम्मी अक्षरंही त्यातून धड निघाली नसती.

"मशीन वाईट नाहीये मॅडम," निनाद रडवेला झाला. "इंग्रजी अक्षरं एक नंबर काढतं. तुम्ही ळच मागितलात. टार्गेट होतं हो माझ्यावर."

"मग तो देखणा ळ कुणी वळवला?" विनितानं विचारलं. "हातानं केलेला होता ना तो?"

निनाद दाराकडे बघायला लागला.

"नाव सांगा. नाहीतर मी तुमच्या कंपनीत फोन लावते."

"लावा. पण नाव नाही सांगणार. त्यांना शब्द दिलाय."

"राहू दे गं," आत्या पदर खोचत म्हणाली. "चोर आणि कारागीर एकच आहे. प्रितम, गाडी कोनला घे."

६

दिनानाथ कडूच्या शेडमध्ये ठोकाठोकी चालली होती. तिघांना आत येताना बघून त्यांनी माणसांना चहाला पाठवलं. गाडीत विनिता आत्याशी भांडली होती. काका? छे, शक्यच नाही. आत्यानं एवढंच म्हटलं होतं, तू ऐक आणि मग बोल.

"दिनानाथभाऊ, बसते हो," म्हणत आत्या लाकडी पेटीवर टेकली. "चोरानं ळ नेला. त्यानं मशीनची खरेदी थांबत होती का? नाही. तो सगळ्यांनी बघून झाला होता. थांबत होतं ते एकच. आज त्याचं तोंड काढून आतून बघणं. म्हणजे चोराला मशीन यायला हवंच होतं. ज्याला मशीन नको होतं, तो बळीराम तिथंच सुटला."

सकाळी हे विनिताला का सुचलं नव्हतं?

"मग तो ठ," आत्या पुढं म्हणाली. "रात्री चावी लावून येणारा चोर चादरीखाली उंचवटा कशाला ठेवील? रात्री बघायला असतं कोण? उंचवटा त्यालाच लागतो, ज्यानं गाळा उघडा असतानाच ळ काढला आणि शटर ओढणाऱ्यांना कळू द्यायचं नव्हतं. चादर पडल्यापासून विनिता टेबलाशी होती. तिथून उठली कधी?"

"आरतीला," विनिता पुटपुटली.

"दिवे घालवलेले, घंटा-टाळांचा दणदणाट, सगळ्यांची तोंडं देवीकडे. बळीरामच्या हातात ताट, प्रितमच्या हातात घंटा, निनाद विनिताच्या कानाशी ओरडतोय. मागं एकच माणूस. बूट न काढणारा. आणि त्या माणसाचा खराब अक्षरांचा खोका दाराशी तयार. त्यात आणखी एक अक्षर गेलं तर कोण मोजणार?"

दिनानाथांनी मिशीवरून हात फिरवला. मग ते उठले, कोपऱ्यातलं गोणपाट बाजूला केलं आणि ळ उचलून विनितापुढं ठेवला. आगरी तोंडाला ळ उच्चारायचा कंटाळा, पण हातानं काय ळ काढला होता!

"मोडावला घेतला व्हता," ते म्हणाले. "नाय मोडवला. आसा गोल माज्या हातून परत व्हावचा नाय. पर बलीरामनं आतून बगला आसता त त्यानं माजा हात वलखला आसता."

"का, काका?"

"तू मशीन घेनारच व्हतीस गो. मी नको बोललू आसतू त आयकली आसतीस? मंग आसा मशीन घे, का सरल अक्षरा तुज्याकडं आनि गोल अक्षरा माज्याकडं. मराठी पाटीन गोलच गोल आसतान. माजी शेड चालली आसती."

"माझा प्लॉट जाणार होता. तुम्हाला माहीत होतं ना?"

दिनानाथांनी जमिनीकडे बघितलं. "माहीत व्हता."

विनिताला मोठ्यानं ओरडायचं होतं. तुम्ही बाबांना खांदा दिलात, असं काहीतरी बोलायचं होतं. पण घशातून हुंदकाच आला. तिला रडताना बघून प्रितम पुढं झाला आणि त्यानं बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला.

"यापुढं तुमच्याकडे एकही अक्षर येणार नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "आमच्या गाळ्यात ॲक्रिलिकची तोंडं कापायचं मशीन घेऊ, लहानसं. त्याला प्लॉट विकावा लागत नाही. पट्टी बळीराम काका हातानं वळवतील, हाताखाली माणसं तयार करतील."

दिनानाथांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर आता लाज नव्हती. उलट कीव होती, आणि ती विनिताला जास्त लागली.

"बलीरामचा मना फोन आलता," ते म्हणाले. "काम हाय का इचारत व्हता. मी व्हय बोललू. उद्यापासून येतंय. तू काढलास, मी ठेवला. त्यान तरी माजी चोरी नाय, पोरी."

७

रजिस्ट्रेशनची पार्टी फोनवर वाट्टेल ते बोलली. विनितानं सगळं ऐकून घेतलं, प्लॉट विकायचा नाही एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तो पडला नाही. प्लॉट राहिला, पण पट्टी वळवणारा हात गेला तर गोल अक्षरं पुन्हा कोनच्याच दारात न्यावी लागणार होती. आणि तेही बाजूला ठेवा, सकाळचा बळीरामचा तो चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

कामोठे गावातल्या आळीत गाडी शिरत नाही. आत्या आणि प्रितम वळणावर थांबले. विनिता एकटीच चालत गेली. ऊन उतरलं होतं, बायका ओट्यांवर कोलंबी सोलत बसल्या होत्या, पुरुष पत्ते कुटत होते. सगळ्यांनी वळून वळून बघितलं.

दारात बळीरामची बायको वेणू उभी होती.

"ते घरान नाय," ती म्हणाली. बळीरामच्या चपला उंबऱ्याशीच होत्या आणि आत टीव्ही चालू होता.

"मी थांबते," म्हणून विनिता ओट्यावर बसली.

टीव्ही बंद झाला. कुणी बाहेर आलं नाही. वेणू दाराला टेकून उभीच होती, ना या म्हणाली ना जा म्हणाली. शेवटी विनिता बंद खिडकीकडे तोंड करून हळू आवाजात म्हणाली, "काका, ळ सापडला. दिनानाथ काकांनी नेला होता. मी तुमच्यावर उगाच संशय घेतला. चुकले मी."

मग आतून आवाज आला.

"चावी सगल्यांच्या म्होरं मागतलीस. आता एकलीच येवून कानान बोलतंस व्हय?"

विनिता उठून उभी राहिली. तोंड आळीकडे केलं. कोलंबी सोलणारे हात थांबले, पत्ते थांबले. तिनं आवाज चढवला. "मी घरतांची विनिता. सकाळी माझ्या गाळ्यात मी बळीराम काकांवर चोरीचा आळ घेतला. त्यांना घरी पाठवलं. त्यांनी काही चोरलं नव्हतं. विचारायच्या आधी मी त्यांना चोर ठरवलं. ही चूक माझी आहे, आणि सगळ्यांसमोर सांगते, ती माझी एकटीची आहे."

विनिताला वाटलं, आता इथून चालत परत जायचं कसं?

मागं कडी वाजली. बळीराम बनियनवरच दारात आला. तिच्याकडे बघितलंही नाही. वळणावर उभ्या असलेल्या प्रितम आणि आत्याकडे मात्र त्यानं कपाळावर हात धरून नीट बघून घेतलं.

"वेनू," तो म्हणाला, "चा ठेव. त्या दोगांनाबी बोलव."